एका सालच्या सिनेमांवर भांडावं कसं

‘तुझा सगळ्यात आवडता सिनेमा कुठला?’ हा प्रश्न आमच्या घरात विचारायचा नाही, असं ठरलेलं आहे. विचारला की जो तो आपली नेहमीची कॅसेट लावतो. माझे दीर गब्बरपासून सुरू करतात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड शिकलेला भाचा कुठला तरी इराणी सिनेमा काढतो, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू राजा परांजप्यांचं नाव घेतात आणि पंधरा मिनिटांत विषय सोसायटीच्या टँकरवर जातो. कोणी कोणाशी भांडतच नाही, कारण प्रत्येकाचा सिनेमा वेगळ्या गावचा.

त्याऐवजी म्हणा, ‘२०१५ सालचा एकच सांगा.’ लगेच बोटांवर मोजणं सुरू होतं. ‘थांब, तो त्याच वर्षी का?’ ‘म्हणजे ‘कट्यार’ आणि ‘बाहुबली’ एका सालचे?’ सालाचं कुंपण घातलं की एरवी एका वाक्यात न येणारे सिनेमे शेजारीशेजारी उभे राहतात, आणि मग माणसांना आपल्या आवडीचा हिशोब द्यावा लागतो. मी बँकेत कॅशला होते, आता व्हीआरएस घेतली आहे. हिशोब मागायला मला आवडतं. आमच्या कर्वेनगरच्या घरी अशा बैठका होतात आणि वही माझ्याकडे असते. ज्यांना आपल्याकडे अशी बैठक भरवायची आहे, त्यांच्यासाठी ही आमची रीत.

साल निवडताना

नुकतंच सरलेलं वर्ष घेऊ नका. जानेवारीत पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू असतो, गळ्यात पास अडकवलेली मंडळी भेटतात, आणि सगळ्यांना गेल्या वर्षावरच बोलायचं असतं. बोलू द्या, पण बैठक भरवू नका. जाहिराती अजून कानात असतात, मुलाखती ताज्या असतात, लोक सिनेमाबद्दल बोलतात की सिनेमाबद्दल वाचलेल्याबद्दल, हे कळत नाही. निदान दहा वर्षं मुरू द्यावीत.

फार मागेही जाऊ नये. दिरांचे एक मित्र आहेत, त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात (ते डॉक्टर नाहीत, मेडिकल स्टोअर चालवायचे). त्यांनी एकदा १९३९ सुचवलं. अमेरिकेतले सिनेमावेडे म्हणे त्या सालाला सुवर्णवर्ष मानतात, ‘गॉन विथ द विंड’ आणि ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ दोन्ही त्याच वर्षीचे. कल्पना गोड आहे, कारण त्याच वर्षी इथे एरंडवण्यात, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभातच्या स्टुडिओतून शांतारामबापूंचा ‘माणूस’ आला होता. पण जमलेल्यांपैकी त्या सालचे दोनपेक्षा जास्त सिनेमे कोणी पाहिलेले असतात? जे पाहिलेलं नाही त्याची कीर्तीच फक्त भांडते. असं साल घ्यायचंच असेल तर आधी दोन-तीन महिने सगळ्यांनी मिळून सिनेमे बघा, मग बसा.

१९७५ चा मोह सगळ्यांना होतो. त्यात एकच अडचण, ‘शोले’. तो यादीत आला की पुढचा अर्धा तास संवाद म्हणण्यात जातो आणि शेवटी कोणीतरी नाणं उडवतं. १९७५ घेतलंत तर ‘शोले’ स्पर्धेबाहेर ठेवा. मग बघा काय उरतं: ‘दीवार’, ‘आँधी’, ‘चुपके चुपके’, ‘निशांत’, मराठीत ‘सामना’ आणि ‘पांडू हवालदार’. एकाच सालात निळू फुले आणि दादा कोंडके समोरासमोर. आणि ज्यांना ‘शोले’ बाहेर ठेवणं पटत नाही, त्यांना हळूच सांगा की त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं फिल्मफेअर ‘दीवार’ला गेलं होतं आणि ‘शोले’च्या वाट्याला एकच आलं, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. आमच्याकडे हे ऐकून एक माणूस पाणी प्यायला उठला होता.

आम्ही २०१५ घेतलं, कारण त्यात सगळ्यांसाठी काहीतरी होतं. मराठीत ‘कोर्ट’, ‘किल्ला’, ‘कट्यार काळजात घुसली’, ‘डबल सीट’. हिंदीत ‘पिकू’, ‘मसान’, ‘दम लगा के हैशा’, ‘बजरंगी भाईजान’, ‘बाजीराव मस्तानी’. दक्षिणेतून ‘बाहुबली’चा पहिला भाग. इंग्रजीत ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’. या खाली येणाऱ्या सगळ्या गोष्टी त्या सालाच्या निमित्ताने सांगते, तुम्ही तुमचं साल घाला.

साल म्हणजे नेमकं कुठलं, हे लिहून ठेवा

हे काम बैठकीच्या आधी करायचं, आणि लेखी करायचं. अर्धे वाद खरं तर सिनेमांवरचे नसतातच, तारखांवरचे असतात.

एका सिनेमाला चार-चार तारखा असतात. पहिल्यांदा महोत्सवात दाखवला ती, सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरची, थिएटरात लागला ती, आणि ज्या सालचा म्हणून पुरस्कार मिळाला ते साल. ‘कोर्ट’चंच घ्या. चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा व्हेनिसला २०१४ मध्ये दाखवला गेला आणि तिथे होरायझन्स विभागात सर्वोत्कृष्ट ठरला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही २०१४ सालचा म्हणून. आपल्याकडे थिएटरात लागला १७ एप्रिल २०१५ ला, आणि ऑस्करसाठी भारतातर्फे गेला तोही २०१५ मध्ये. ‘किल्ला’ला बर्लिनला लहान मुलांच्या ज्युरीने क्रिस्टल बेअर दिलं ते २०१४ मध्ये, थिएटरात आला २६ जून २०१५ ला. उलटं उदाहरण ‘रिंगण’चं. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा २०१५ सालचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला, पण लोकांनी तिकीट काढून पाहिला २०१७ मध्ये. आणि सगळ्यांना हमखास फसवणारा म्हणजे ‘नटसम्राट’. सगळे शपथेवर सांगतात की तो २०१५ चा. तो १ जानेवारी २०१६ ला लागला. एका दिवसाने साल चुकलं.

आमचा नियम असा: पुण्यात सर्वसामान्य माणसाला खिडकीवर तिकीट काढून जेव्हा बघता आला, ते त्याचं साल. महोत्सव नाही, पुरस्कार नाही, खास खेळ नाही. याने ‘कोर्ट’ आणि ‘किल्ला’ आत येतात, ‘रिंगण’ आणि ‘नटसम्राट’ बाहेर जातात. ‘द रेव्हेनंट’ अमेरिकेत २०१५ च्या डिसेंबरात लागला असला तरी आपल्याकडे पुढच्या फेब्रुवारीत आला, म्हणून तो बाहेर. ‘मॅड मॅक्स’ त्याच वर्षी मे महिन्यात आला, तो आत. भाचा म्हणाला, ‘‘मी ‘किल्ला’ आदल्याच वर्षी पाहिला होता.’’ म्हटलं, अभिनंदन. साल २०१५.

तुम्हाला महोत्सवाची तारीख धरायची असेल तर खुशाल धरा, पण मग सगळ्यांसाठी धरा. एका सिनेमाला ही तारीख आणि दुसऱ्याला ती, असं केलंत की संपलं.

तारीख कशी तपासायची? ओटीटीवर नावाखाली छापलेल्या सालावर जाऊ नका, कुठे पहिल्या प्रदर्शनाचं असतं तर कुठे वेगळंच. सेन्सॉरचं प्रमाणपत्र सिनेमाच्या सुरुवातीला दिसतं, त्यावर तारीख असते, पण प्रमाणपत्र मिळून सिनेमा डब्यात पडून राहू शकतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रातली थिएटरांची जाहिरात. जुन्या सालासाठी हौस असेल तर लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून, तिथे ग्रंथालयही आहे. पुण्यात राहून त्याचा उपयोग करायचा नाही म्हणजे नवलच. माझ्याकडे मात्र दिरांनी जपलेली तिकिटं कामाला आली. त्यांना फेकवत नाही.

यादी

बैठकीच्या आठवडाभर आधी प्रत्येकाने पाच नावं कळवायची. पाचात निदान एक मराठी हवं. ही सक्ती काहींना जाचते, पण ती नसेल तर मराठी सिनेमा फक्त कौतुकाच्या भाषणात येतो, यादीत येत नाही. भाषेप्रमाणे वेगळे गट मात्र करू नका. ‘सर्वोत्कृष्ट मराठी’, ‘सर्वोत्कृष्ट हिंदी’ असं केलं की सगळ्यांना बक्षीस मिळतं आणि भांडण उरत नाही. तसंही ‘कोर्ट’ला कुठल्या गटात टाकणार? त्यात मराठी आहे, हिंदी आहे, गुजराती आहे, इंग्रजी आहे.

टीव्हीवर जाहिरातींच्या मध्ये तुकड्यातुकड्याने पाहिलेला सिनेमा यादीत चालणार नाही. काकूंची यादी सगळ्यात लहान होती, कारण त्या फक्त थिएटरात बघतात आणि बहुतेक मराठीच. पण त्यांच्या यादीतला प्रत्येक सिनेमा त्यांनी सुरुवातीच्या पाटीपासून शेवटपर्यंत पाहिलेला. अशा माणसाला बैठकीला आवर्जून बोलवा. आठशे सिनेमे पाहिल्याचं सांगणाऱ्यापेक्षा ते फार उपयोगी पडतं.

आणि एक गृहपाठ: आपल्या यादीतला पहिल्या नंबरचा सिनेमा पुन्हा बघून यायचं. टाळाटाळ होते, तरी लावून धरा. दहा वर्षांत सिनेमा निघून जातो आणि त्याच्याबद्दलचं मत तेवढं उरतं. ‘कट्यार’च्या बाबतीत हे मला स्वच्छ दिसलं. मूळ संगीत नाटक १९६७ चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. आमच्यातली साठीपुढची दोन माणसं सिनेमाबद्दल बोलता बोलता वसंतरावांबद्दलच बोलत होती. सचिन पिळगावकरांनी काय केलं, सुबोध भावेने नाटकातलं काय ठेवलं आणि काय काढलं, याचा पत्ताच नाही. म्हणून वहीत नवी ओळ घातली: नाटकाची स्तुती सिनेमाच्या खात्यावर जमा होणार नाही. कादंबरी, चरित्र, इतिहास यांनाही तेच लागू.

जागा आणि खाणं

सहा ते आठ माणसं पुरेत. हॉटेलात जमू नका. फर्ग्युसन रस्त्यावर रविवारी टेबल मिळालंच तर मागे रांग उभी राहून तुमच्या रिकाम्या कपाकडे बघत असते. घरी बसा. चहा मध्यावर, बाकरवडी शेवटी. आधी दिलीत तर बोलणाऱ्यापेक्षा खाणाऱ्यांचा आवाज मोठा होतो, आणि साउंड शिकलेला माणूस घरात असेल तर तो तसं बोलूनही दाखवतो.

पहिली फेरी: त्या वर्षी तुम्ही कुठे होतात?

सिनेमाचं नाव न घेता प्रत्येकाने एक-दोन वाक्यांत सांगायचं की त्या साली आपलं काय चाललं होतं. ही फेरी मी मुद्दाम घालते, आणि कोणी नाकं मुरडली तरी वगळत नाही.

भाचा २०१५ मध्ये इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होता. अध्यक्षांच्या नेमणुकीवरून १२ जूनला संप सुरू झाला तो १३९ दिवस चालला. त्या संपाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ‘किल्ला’ थिएटरात लागला, आणि त्याचा दिग्दर्शक अविनाश अरुण त्याच इन्स्टिट्यूटमधून कॅमेरा शिकून बाहेर पडलेला. काकूंच्या मुलीचा त्या वर्षी दिवाळसण होता, लेक-जावयाला घेऊन त्या ‘कट्यार’ला गेल्या. दिरांसाठी ते अप्पा बळवंत चौकातल्या प्रभात थिएटरचं ‘किबे लक्ष्मी’ झालेलं वर्ष, त्यावर ते दोन वाक्यांत थांबले नाहीत. हे सगळं आधी टेबलावर आलं की पुढे कोणी ‘किल्ला’साठी आवाज चढवला तर बाकीच्यांना कळतं की हा सिनेमासाठी किती भांडतोय आणि त्या पावसाळ्यासाठी किती. आठवणीला मनाई नाही. तिचं खातं वेगळं असलं म्हणजे झालं.

याच फेरीत ओळखीपाळखी जाहीर करायच्या. पुण्यात कुठल्याही मराठी सिनेमाचं नाव काढा, जमलेल्यांपैकी कोणाचा तरी मावसभाऊ त्यात गर्दीत उभा असतो किंवा कोणाची तरी वर्गमैत्रीण वेशभूषेला असते. बँकेत नातेवाइकाच्या कर्जाच्या कागदावर आपण सही करत नाही, तसंच इथे. बोला, पण त्या सिनेमाला गुण देऊ नका.

दुसरी फेरी: प्रसंग सांगा

माझ्या मते सगळी बैठक या एका नियमावर उभी आहे. आपल्या सिनेमाची बाजू मांडताना विशेषण वापरायचं नाही. ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘मास्टरपीस’, ‘ओव्हररेटेड’, ‘संथ’, ‘वास्तववादी’ सगळी बंद. प्रत्येक विशेषणाला डब्यात दहा रुपये. फक्त एक प्रसंग सांगायचा: पडद्यावर काय दिसतं, काय ऐकू येतं, कोण काय करतं. वेळ तीन मिनिटं, मोबाइलवर गजर लावून.

विशेषण काढून घेतलं की अर्धी माणसं गडबडतात. डॉक्टर ‘बाहुबली’साठी उभे राहिले आणि ‘भव्य’ म्हणून लगेच दहा रुपये भरले. मग म्हणाले, बरं, तो पोरगा धबधबा चढतो, पडतो, पुन्हा चढतो, आई खाली देवाला साकडं घालते आणि हा लहानपणापासून मोठा होईपर्यंत वरच बघतोय. एवढ्यात त्यांचं म्हणणं सगळ्यांना पोचलं. त्या माणसाला वर काय आहे ते बघायचंय, आणि आपल्यालाही.

काकूंनी ‘कोर्ट’ घेतला तेव्हा सगळे चकित. त्यांनी कोर्टाचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, ती सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) दिवसभर एका शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून वाद घालते, मग लोकलने घरी येते, स्वयंपाकाला लागते, सुट्टीला नवऱ्या-मुलांबरोबर नाटकाला जाऊन हसते. ‘‘मी पण अशीच घरी यायचे ऑफिसातून,’’ काकू म्हणाल्या. ‘‘मला ती वाईट वाटायला हवी होती. वाटली नाही. म्हणून भीती वाटली.’’ खोलीत कोणाकडे उत्तर नव्हतं. ‘भीती’ हे विशेषण आहे का यावर भाच्याने वाद काढला, तो मी फेटाळला.

भाच्याने स्वतः ‘किल्ला’तला तो प्रसंग सांगितला: सोबतची मुलं चिन्मयला किल्ल्यात एकटं टाकून निघून जातात आणि पाऊस कोसळतो. साउंडवाला असल्याने त्याने पाऊस आणि समुद्र यांच्याबद्दलच सांगितलं, मुलाच्या चेहऱ्याबद्दल अवाक्षर नाही. ज्याला जे दिसतं ते त्याने सांगावं, चौकट घालू नका.

‘बाजीराव मस्तानी’ मात्र पुण्यात सांभाळून हाताळा. त्या डिसेंबरात ‘पिंगा’वरून झालेला गहजब लोक विसरलेले नाहीत. काशीबाई नाचतील का, बाजीराव असा बोलेल का, आरसेमहाल शनिवारवाड्यात होता का, यावर प्रत्येक पुणेकराकडे मत आहे आणि ते मत शनिवारवाड्याच्या भिंतीइतकं जुनं आहे. इतिहासाला दहा मिनिटं द्या, गजर झाला की सिनेमाकडे परत आणा. न आणल्यास रात्रीचं जेवण तुमच्याकडे.

‘बाहुबली’वरून एक चांगला पेच पडला तोही सांगते. तो सिनेमा प्रश्न विचारून संपतो, उत्तर आलं दुसऱ्या भागात, २०१७ मध्ये. मग २०१५ साठी अर्ध्या सिनेमाला गुण द्यायचे का? आम्ही ठरवलं की ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री प्रेक्षकाकडे जे होतं तेवढंच मोजायचं. डॉक्टर म्हणाले, त्या रात्री माझ्याकडे कटप्पाचा प्रश्न होता, आणि दीड वर्ष घरातलं प्रत्येक लहान मूल तोच विचारत होतं, तेही मोजा. मोजलं.

तिसरी फेरी: अदलाबदल

चहानंतर चिठ्ठ्या टाकून सिनेमे बदलायचे. आता ज्याच्या हातात जो येईल त्याची बाजू मांडायची, नावडता असला तरी. उपरोध आला तर दहा रुपये.

दिरांना ‘कोर्ट’ आला. आधी ते म्हणत होते (आणि त्याचे पैसे भरत होते) की कॅमेरा एका जागी ठेवून माणूस चहा प्यायला गेलाय. आता बाजू मांडायची म्हटल्यावर त्यांना भाडेकरूविरुद्धची स्वतःची केस आठवली. तारीख, पुढची तारीख, वकील आले नाहीत, न्यायाधीश रजेवर, मे महिन्याची सुट्टी. ‘‘तिथे बाकावर बसलं की असंच दिसतं,’’ ते म्हणाले. ‘‘कोणी जवळ येत नाही. सगळं लांबून, एका जागेवरून.’’ त्यांचं मत बदललं का? नाही. गुण त्यांनी ‘कट्यार’लाच दिले. पण ‘संथ’ म्हणायचं त्यांनी सोडलं.

भाच्याला ‘बजरंगी भाईजान’ आला. त्याने तीन मिनिटांतली दोन खाली बघण्यात घालवली. अशा वेळी मदत करू नका, गजर होऊ द्या.

मोबाइल, पुरस्कार आणि मोठा आवाज

मोबाइल फक्त वहीवाल्याकडे. कोणाला काही तपासायचं असेल तर त्याला विचारायचं.

पुरस्कारांचा हवाला चालत नाही. कारण साधं आहे: २०१५ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार ‘बाहुबली’ला, फिल्मफेअर ‘बाजीराव मस्तानी’ला आणि ऑस्कर ‘स्पॉटलाइट’ला मिळालं. तिघांची तीन तोंडं, आपण चौथं उघडायला हरकत नाही. गल्ल्याचे आकडे तर अजिबात नकोत.

आवाज चढवणाऱ्यासाठी वेगळा नियम लागत नाही. त्याला शेवटी बोलायला लावा, तोवर दमतो.

गुण

हात वर करून मत घेऊ नका. मोठ्या दिरांनी वर केलेला हात बघून धाकट्या जाऊबाईंचा हात आपोआप वर जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चिठ्ठ्या करा, नाव नको. प्रत्येकाला दहा गुण, ते निदान तीन सिनेमांत वाटायचे, एकाला पाचाहून जास्त नाहीत. वहीवाला मोठ्याने वाचून मोजतो, दुसरा कोणीतरी शेजारी बसून टिक करतो. कॅशमध्ये दोघांनी मोजायचं असतं.

या पद्धतीचा एक गुण (की दोष) लक्षात ठेवा. आमच्याकडे जिंकला ‘किल्ला’. पण सगळ्यात जास्त चिठ्ठ्यांवर पहिल्या नंबरला होता ‘कोर्ट’. ‘कोर्ट’ला काहींनी पाचच्या पाच दिले आणि काहींनी शून्य. ‘किल्ला’ला जवळजवळ प्रत्येकाने दोन-तीन दिले होते. वाटून दिलेल्या गुणांत सगळ्यांना थोडा आवडणारा सिनेमा पुढे जातो, काहींना फार आवडणारा मागे राहतो. ‘एक माणूस एक मत’ केलं असतं तर निकाल उलटा लागला असता. म्हणून आता आम्ही दोन्ही घेतो: आधी एका नावाची चिठ्ठी, मग गुणांची. वहीत दोन्ही निकाल शेजारीशेजारी लिहितो आणि खरा कुठला, यावर परत भांडतो. काकूंचं म्हणणं, पहिली चिठ्ठी खरी. भाच्याचं म्हणणं, दुसरी. मला दोन्ही जुळवून बघायला आवडतं, पण मला कोणी विचारत नाही.

बरोबरी झाली तर बरोबरीच ठेवा. फोडायला जाऊ नका.

डब्यातल्या दंडाच्या पैशातून पुढच्या वेळची तिकिटं काढायची, आणि ज्याच्या सिनेमाला सगळ्यात कमी गुण पडले त्याने पुढचं साल निवडायचं. यंदा ते डॉक्टरांकडे गेलंय, त्यांनी २००४ घेतलंय. ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कार २००३ सालचा, लोकांनी पाहिला २००४ मध्ये. ‘मकबूल’ टोरांटोला २००३ मध्ये, थिएटरात २००४ च्या जानेवारीत. तारखांचं पान मी आखायला घेतलंय, आणि दिरांना तिकिटांचा डबा माळ्यावरून काढायला सांगितलाय.